डग्लस या अमेरिकी विमान बनवणाऱ्या कंपनीच्या विमानांच्या नावातलं 'डीसी' म्हणजे काय, आणि पुढे त्याचं 'एमडी' कसं झालं?

'डीसी' म्हणजे 'डग्लस कमर्शियल', आणि 'एमडी' म्हणजे मॅकडोनेल डग्लस. कंपनी बदलली म्हणून अक्षरं बदलली. १९३३ साली उडालेलं डीसी-१ एकच बनलं, पण त्यातूनच १९३५ चं डीसी-३ आलं, ज्याला आपल्याकडे सरसकट डकोटा म्हणतात (खरं तर ते त्याच्या लष्करी रूपाचं ब्रिटिश नाव). १९६७ मध्ये पैशांच्या चणचणीत सापडलेली डग्लस कंपनी मॅकडोनेल या दुसऱ्या विमान बनवणाऱ्या कंपनीत विलीन झाली. मात्र नाव लगेच बदललं नाही: डीसी-१० पहिल्यांदा उडालं १९७० मध्ये, तरी 'डीसी'च राहिलं. 'एमडी' रुळलं ते १९८० च्या दशकात, डीसी-९ ची लांबवलेली आवृत्ती एमडी-८० म्हणून विकायला लागले तेव्हा. १९९७ मध्ये बोइंगने कंपनीच घेतली आणि एमडी-९५ चं बोइंग ७१७ झालं.