ब्रिटनमध्ये राजा आहे, मग राज्य नेमकं कोण करतं?

तुम्ही विचारलंय की ब्रिटनमध्ये पंतप्रधानाला राजा नेमतो, कायद्यावर राजाची मंजुरी लागते, सरकारही राजाच्याच नावाने चालतं. मग खरं राज्य कोणाचं? आणि उद्या राजाने 'नाही' म्हटलं तर?

मी बडोद्याची. आमच्याकडे राजा म्हटलं की सयाजीराव महाराजच डोळ्यांपुढे येतात, म्हणून हा प्रश्न मी आधी बडोद्यावरूनच समजून घेतला. १९०६ मध्ये महाराजांनी राज्यभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. निर्णय त्यांचा, आदेश त्यांचा. धारासभा, म्हणजे राज्याचं विधिमंडळ, होती, पण सल्ला देण्यापुरती. दिवाण कितीही कर्तबगार असला तरी महाराजांची मर्जी असेपर्यंतच दिवाण. (वर इंग्रज सरकारचा प्रतिनिधी, म्हणजे रेसिडेंट, बसलेला असायचा, ती गोष्ट वेगळी.) दांडिया बाजारातल्या जुन्या मराठी घरांतून आजही 'हे महाराजांनी केलं' असंच ऐकू येतं, आणि ते खरंच आहे.

तेव्हा सही कोणाची हे बघू नका. कारभार चालवणाऱ्याला घरी कोण बसवू शकतं, ते बघा. बडोद्यात दिवाणाला महाराज घरी बसवत. ब्रिटनमध्ये पंतप्रधानाला कॉमन्स सभागृह, म्हणजे तिथली लोकसभा, घरी बसवतं.

२८ मार्च १९७९ च्या रात्री तिथे पंतप्रधान जेम्स कॅलहॅन यांच्या सरकारवर अविश्वास ठराव आला होता. त्यांच्याच मजूर पक्षाचा एक खासदार इतका आजारी होता की त्याला लंडनला आणलं तर जिवाला धोका होता. त्याची यायची तयारी होती, पण पक्षाने त्याला आणलं नाही. मतमोजणी झाली: ३११ विरुद्ध ३१०. एका मताने सरकार पडलं, निवडणूक लागली आणि मार्गारेट थॅचर पंतप्रधान झाल्या. या सगळ्यात तेव्हाच्या राणी एलिझाबेथ यांचं मत कोणी विचारलं नाही. आपल्याकडे १७ एप्रिल १९९९ ला वाजपेयींचं सरकार २६९ विरुद्ध २७० असं पडलं, तेव्हा राष्ट्रपतींचंही कोणी विचारलं नव्हतं. यंत्रणा तीच आहे. आपण ती उचलली, फक्त वर राजाऐवजी निवडून दिलेला राष्ट्रपती बसवला.

रोजचा कारभारही याच धाग्याने बांधलेला आहे. लोक ६५० खासदार निवडतात. ज्याच्या पाठीशी कॉमन्समधलं बहुमत उभं राहील, त्याला राजा सरकार बनवायला बोलावतो. मंत्री संसदेतूनच येतात आणि संसदेलाच उत्तरं देतात. अधिवेशनाच्या आरंभी राजा सिंहासनावरून भाषण वाचतो, पण त्यातलं अक्षरन् अक्षर सरकारने लिहिलेलं असतं. त्याच दिवशी राजाचा दूत खासदारांना बोलवायला जातो, तेव्हा कॉमन्सचा दरवाजा त्याच्या तोंडावर बंद करतात. त्याने तीनदा ठोठावल्यावर उघडतात. १६४२ मध्ये राजा पहिला चार्ल्स पाच खासदारांना पकडायला सभागृहात घुसला होता. त्यानंतर कामकाज चालू असताना एकाही राजाने तिथे पाऊल ठेवलेलं नाही.

राजाकडे उरतं ते एवढंच: पंतप्रधानाला नियमित भेटायचं, विचारायचं, धीर द्यायचा, वेळ पडली तर सावध करायचं. पण बंद दाराआड.

या व्यवस्थेतली कच्ची बाजूही सांगायला हवी. २०१९ मध्ये पंतप्रधान बोरिस जॉन्सन यांनी ब्रेक्झिटच्या, म्हणजे युरोपीय संघ सोडण्याच्या, ऐन धामधुमीत संसद पाच आठवडे बंद ठेवण्याचा सल्ला राणीला दिला. राणीला तो मानावाच लागला. शेवटी सर्वोच्च न्यायालयाच्या अकराही न्यायाधीशांनी एकमताने तो बेकायदा ठरवला. म्हणजे पंतप्रधानच उतला, तर त्याला आवरायला राजाचा उपयोग नाही. तिथे न्यायालय आणि जागं सभागृहच लागतं. मला हे फार महत्त्वाचं वाटतं, कारण 'वर राजा आहे, तो बघून घेईल' असा भाबडा विश्वास आपल्याकडेही पुष्कळांना असतो.

आता राजाने 'नाही' म्हटलं तर? ब्रिटनमध्ये संसदेने मंजूर केलेल्या विधेयकाला शेवटचा नकार मिळाला तो १७०८ मध्ये, राणी ॲनकडून. बेल्जियमचे राजे बोद्वँ यांनी १९९० मध्ये गर्भपाताच्या कायद्यावर सही करणं सदसद्विवेकाला पटत नाही म्हणून नाकारलं. तेव्हा मंत्रिमंडळाने त्यांना तात्पुरतं राज्य करण्यास असमर्थ ठरवलं, स्वतः सह्या केल्या, आणि संसदेने त्यांना पुन्हा गादीवर बसवलं. नेपाळात राजे ज्ञानेंद्र यांनी २००५ मध्ये सरकार बरखास्त करून सत्ता हाती घेतली. पुढच्या वर्षी लोक रस्त्यावर उतरले, आणि २००८ मध्ये राजेशाहीच संपली.

आणि हा सहीचा प्रकारच तुम्हाला खटकत असेल तर स्वीडन बघा. तिथे १९७५ पासून पंतप्रधानाचं नाव संसदेचा अध्यक्ष सुचवतो, निम्म्याहून जास्त खासदार विरोधात गेले नाहीत की नेमणूक पक्की, आणि कायद्यावर राजाची सहीच लागत नाही. तरीही स्वीडनला राजा आहे.