आम्हाला फ्रेंच येत नाही, मग मुलाचा अभ्यास कोण घेणार?

मी मुलांचं आणि पालकांचं समुपदेशन करते. हा प्रश्न विचारणारे फोन मला बहुतेक ऑक्टोबर-नोव्हेंबरात येतात. शाळा सुरू होऊन दोनेक महिने झालेले असतात आणि पहिलं प्रगतिपत्रक तोंडावर असतं. कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतात घर ऑटावातलं असो, मिसिसागातलं असो वा ब्रॅम्प्टनमधलं, प्रश्न एकच. "ताई, मुलाला फ्रेंच इमर्शनला घातलंय. आम्हा दोघांनाही फ्रेंचचा गंध नाही. चुकलं का आमचं?"

या सगळ्यांना मी आधी एकच गोष्ट सांगते. इमर्शन म्हणजे शाळेतले बरेचसे विषय फ्रेंचमधूनच शिकणं, आणि हा अभ्यासक्रम फ्रेंच न येणाऱ्या घरांसाठीच जन्माला आला. १९६५ साली माँट्रियलजवळच्या सेंट लॅम्बर्ट गावात इंग्रजी बोलणाऱ्या पालकांनी पाठपुरावा करून असा पहिला बालवर्ग सुरू करून घेतला. ज्यांच्या घरात फ्रेंच आहे त्यांच्यासाठी ओंटारिओत वेगळ्या फ्रेंच भाषिक शाळा आहेत. इमर्शनच्या शाळा इंग्रजी शिक्षण मंडळांच्याच असतात. पुष्कळदा एकाच इमारतीत एक वर्ग इंग्रजीचा आणि शेजारचा इमर्शनचा. शाळेची पत्रंही घरी इंग्रजीतून येतात. म्हणजे पालकांना फ्रेंच येत नाही हे शाळेने धरलेलंच असतं. धरलेलं नसतं ते पालकांनी.

मागच्या काही वर्षांत पाहिलेल्या घरांपैकी एक सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत. मुलाला ईशान म्हणू. ऑटावातल्या सरकारी शाळेत दुसरीत होता. रविवारी संध्याकाळी त्याच्या पोटात दुखायला लागायचं आणि सोमवारी सकाळी स्नोपँट चढवताना रडारड. डॉक्टरांना काही सापडलं नव्हतं. बाबांचं मत ठरलेलं होतं: "सरळ इंग्रजी वर्गात टाकू. उगाच तीन-तीन भाषांचं ओझं." आई ऐकायला तयार नव्हती.

माझ्याकडे मूल आधी बोलतं, आईबाप नंतर. हा माझा जुना नियम आणि मी तो सहसा मोडत नाही.

"घरी अभ्यास कसा करतोस?"

"आई फोन धरते. फोनमधली बाई वाचते, मग मी वाचतो. मग फोन सांगतो बरोबर की चूक."

"आणि?"

"फोनवाली बाई चूक म्हणते. पण मादाम तर बरोबर म्हणते! मादाम तसंच बोलते."

मादाम म्हणजे वर्गशिक्षिका. त्या माँट्रियलकडच्या आणि फोनमधली बाई पॅरिसची. नागपूरच्या पोराचं मराठी पुण्याच्या कानाने तपासावं, तसा हा प्रकार. शुक्रवारी वर्गात दिक्ते, म्हणजे श्रुतलेखन असायचं. त्यासाठी गुरुवारी रात्री हे पोर फोनपुढे परीक्षा द्यायचं आणि हमखास नापास व्हायचं.

"आणि गणितात?"

त्याने दाराकडे पाहिलं. मग हळूच म्हणाला, "मोजताना सत्तर आलं की मी बाथरूमला जातो."

त्याचं गणित फ्रेंचमधून चालायचं. फ्रेंचमध्ये एकोणसत्तरपर्यंत गाडी सरळ जाते. पुढे सत्तर म्हणजे साठ-दहा, एकाहत्तर म्हणजे साठ-अकरा. ऐंशी म्हणजे चार-वीस, नव्वद म्हणजे चार-वीस-दहा. ईशानला वाटायचं की बाकीच्या मुलांना हे समजलंय, आपणच ढ आहोत. घरी कोणाला विचारणार? घरात फ्रेंच येणारं कोणी नाही, हे तो रोज ऐकत होता.

त्या दिवशी त्याची आजी बरोबर होती. साताऱ्याकडच्या गावातून सहा महिन्यांसाठी आलेल्या. घरी एकट्या नको म्हणून त्यांना आणलं होतं आणि त्या कोपऱ्यात बसून होत्या. ईशान बोटांवर मोजत मला चार-वीसचं कोडं समजावत होता, तेवढ्यात त्या म्हणाल्या, "त्यात काय अवघड हाय? आमच्या बाजारात बाया अशाच मोजायच्या. ऐंशी कोन म्हनतंय? चार इसा."

ईशानची मान गर्रकन वळली. "आजी, सत्तर?"

"तीन इसा आन् धा."

"नव्वद?"

"चार इसा आन् धा."

"सत्त्याण्णव?"

आजींनी क्षणभर हिशेब केला. "चार इसा सतरा."

"आजी, तुला फ्रेंच येतं!" तो ओरडलाच.

बाबा हसले. आई हसली नाही. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. मी मध्ये एक शब्द बोलले नाही. अशा वेळी गप्प बसणं ही आमच्या कामातली सगळ्यात अवघड गोष्ट, आणि इतक्या वर्षांत ती मला बऱ्यापैकी साधली आहे.

पुढच्या भेटीत आई एकटी आली. एका सरकारी खात्यात ती कंत्राटावर होती. काम उत्तम, वरिष्ठ खूश. पण कायम जागा द्विभाषिक, आणि फ्रेंचच्या परीक्षेत ती अडकली होती. "माझं अडलं तसं त्याचं अडू नये, एवढंच हो ताई."

"गुरुवारी रात्री फोन धरून बसता, तेव्हा परीक्षा नक्की कोणाची चाललेली असते?"

ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "माझी."

मुलाचं दुखणं एकट्या मुलाचं नसतं, अख्ख्या घराचं असतं, असं मानणाऱ्यांपैकी मी आहे. या घराने नकळत ठरवून टाकलं होतं की ज्याला फ्रेंच येतं तोच ईशानला मदत करू शकतो. म्हणजे कोणीच नाही. मुलाच्या पोटात दुखत होतं ते या एकटेपणाने, भाषेच्या ओझ्याने नव्हे. आजींनी फ्रेंच शिकवलं नाही. मोजण्याची एक रीत घरात आधीच होती, ती पुढे केली.

त्यानंतर आम्ही फार काही केलं नाही. फोन बंद. गुरुवारी शेंगदाण्यांचे वीस-वीसचे ढीग, ईशान फ्रेंचमध्ये मोजणार, आजी इसांत. गोष्टीचं पुस्तक तो वाचणार आणि मराठीत आजीला सांगणार. चुका कोणी काढायच्या नाहीत. आईने स्वतःसाठी संध्याकाळचा फ्रेंच वर्ग लावला. पोटदुखी थांबायला डिसेंबर उजाडला. एका दिवसात काही होत नाही, हे लिहून ठेवलेलं बरं.

आता तुमच्यासाठी. घरची मराठी बंद करू नका. "गोंधळ नको म्हणून आता इंग्रजीच बोलतो" हे मी फार ऐकते, आणि दरवेळी हरकत घेते. टोरोंटोचे प्राध्यापक जिम कमिन्स यांनी मांडलंय की एका भाषेत कमावलेली समज दुसऱ्या भाषेतही कामाला येते. 'कारण', 'म्हणून', 'उलट' अशा शब्दांनी मूल मराठीत नीट विचार करू लागलं, की फ्रेंचमध्ये त्याला फक्त नवे शब्द लागतात, नवं डोकं नाही. इंग्रजी वाचन सुरुवातीला मागे दिसेल. सेंट लॅम्बर्टच्या मुलांचंही तसंच दिसलं होतं आणि इंग्रजीचे तास सुरू झाल्यावर ती भरपाई झाली. ओंटारिओत इमर्शनची मुलं आठवीपर्यंत किमान ३,८०० तास फ्रेंचमधून शिकतात, साध्या फ्रेंच विषयाला त्याच काळात ६०० तास मिळतात. एवढ्या लांब पल्ल्याचा निकाल दुसरीच्या नाताळात लावू नका.

मात्र सगळंच 'होईल हळूहळू' म्हणून सोडूही नका. मूल मराठी बडबडगीतातलं यमकही पकडत नसेल, सांगितलेली गोष्ट कोणत्याच भाषेत परत सांगता येत नसेल, तर कान तपासून घ्या आणि शाळेकडे मूल्यमापन मागा. वाचनाची खरी अडचण असेल तर ती इंग्रजी वर्गातही बरोबर येते. म्हणून वर्ग बदलण्याआधी अडचण ओळखा. शिक्षिकेला भेटाल तेव्हा 'मागे आहे का' असं विचारू नका, त्याला 'ठीक आहे' एवढंच उत्तर मिळतं. 'सूचना समजतात का, मधल्या सुट्टीत कोणाबरोबर असतो, अडल्यावर हात वर करतो का' हे विचारा.

आणि बदलायचंच ठरलं, तर शक्यतो वर्ष संपल्यावर बदला. सोडलेल्या इमर्शनमध्ये परत शिरणं सहसा कठीण असतं, तेव्हा मंडळाचे नियम आधी पाहा. मुलाला सांगताना 'तुला जमलं नाही' असं म्हणू नका. 'आम्ही ठरवलं' म्हणा. ईशानच्या बाबांनी मला शेवटच्या भेटीत हेच विचारलं होतं, पुढेमागे बदलावं लागलं तर काय सांगायचं. अजून तरी ती वेळ आलेली नाही. तो चौथीत आहे, आणि दिक्तेची कुरकुर चालूच आहे.