एनआयपीटीचे (गरोदर बाईच्या रक्तातून बाळातले गुणसूत्रांचे दोष शोधणारी टेस्ट) संशोधन पेपर नव्यानेच वाचायला घेतलेस ना, मग हे आधी वाच

पहिलं म्हणजे '९९ टक्के अचूक' असं दिसलं की लगेच हुरळून जाऊ नकोस, मीही सुरुवातीला तिथेच फसले होते. समज एखादा दोष हजारात एका गरोदरपणात असतो, टेस्ट ९९ टक्के केसेस पकडते आणि निरोगी बाळांपैकी फक्त ०.१ टक्क्याला चुकून पॉझिटिव्ह म्हणते. आता १ लाख बायका घे. खरे दोष १००, त्यातले पकडले ९९, आणि उरलेल्या ९९,९०० मधले साधारण १०० उगाच पॉझिटिव्ह, म्हणजे पॉझिटिव्ह रिपोर्ट हातात आलेल्या जवळपास निम्म्या आयांचं बाळ ठीकच असतं!! हा हिशोब प्रत्येक पेपरला कागदावर करून बघ, खरंच, कारण दोष जितका दुर्मिळ तितकं पॉझिटिव्ह रिपोर्ट खरा निघण्याचं प्रमाण अजून खाली जातं.

दुसरं, १९९७ साली डेनिस लो यांच्या टीमला आईच्या रक्तात बाळाचा डीएनए सापडला असं आपण म्हणतो खरं, पण तो मुख्यतः वारेतून (प्लासेंटातून) येतो, आणि वारेतल्या पेशी नि बाळाच्या पेशी कधीकधी वेगळ्या निघतात. म्हणून ही स्क्रीनिंग आहे, निदान नाही, पक्कं करायला ॲम्निओसेंटेसिससारखी (गर्भजल काढून केलेली) निदानाची तपासणी लागते.

आणि पेपरमध्ये 'नो कॉल' (म्हणजे टेस्टला निकालच देता आला नाही असे) रिपोर्ट मोजलेत की गाळलेत ते नक्की बघ, गाळले असतील तर आकडे आपोआप छान दिसतात. कुणी रिपोर्ट घेऊन तुला विचारायला आलं तर मात्र आधी जेनेटिक काउन्सेलरकडे पाठव, ती बाई घाबरलेली असते गं.