तीस दिवसांची रजा आणि येळवस

इथे जर्मनीत नोकरी धरली तर वर्षाला रजा किती मिळते आणि तेवढ्यात दोनदा उदगीरला येणे जमते का, असे तुम्ही विचारले आहे. आकडे तुम्हाला कुठेही सापडतील: पाच दिवसांच्या आठवड्याला कायद्याने किमान २० दिवस, बऱ्याच कंपन्यांत ३० च्या आसपास, आणि पूर्ण रजेचा हक्क नोकरीला सहा महिने झाल्यानंतर. रजेवर असताना आजारी पडून डॉक्टरचे प्रमाणपत्र दिले, तर तेवढे दिवस रजेतून वजाही होत नाहीत. वीस दिवसांच्या कामामागे एक दिवसाची भरपगारी रजा, या हिशेबाने साखर कारखान्यात आयुष्य काढलेल्या माझ्या वडिलांना ही निव्वळ चैन वाटते.

रजा मागताना इथे कोणी कपाळाला आठ्या घालत नाही, उलट ती शिल्लक राहिली तर साहेबच आठवण करून देतात. अडते ते दुसरीकडे. एका वर्षी रजा मंजूर होती, तिकिटे काढलेली होती, परंतु निवासाच्या परवान्याच्या नूतनीकरणासाठी तारीखच मिळेना. जुना परवाना संपलेला आणि हातात तात्पुरते प्रमाणपत्रही नाही, अशा अवस्थेत देश सोडला तर परत येणे अवघड होते, म्हणून ती सगळी रजा मी घरात बसून, टपालाची वाट पाहत काढली.

शाळेचे दुखणे मात्र अजून गेलेले नाही. इथे शाळेच्या दिवशी मुलांना परवानगीशिवाय प्रवासाला नेता येत नाही, आणि आपली येळवस, म्हणजे मार्गशीर्ष अमावस्येला शेतात साजरा होणारा सण, नाताळच्या सुट्टीत सापडेलच असे नाही: २०२४ मध्ये ती ११ जानेवारीला आली आणि त्याच वर्षी पुन्हा ३० डिसेंबरला, तर २०२५ मध्ये १९ डिसेंबरला. यांपैकी फक्त ३० डिसेंबर सुट्टीत बसली. मुलीसाठी परवानगी मागितली, तेव्हा मुख्याध्यापिकेने सणाचा लेखी पुरावा मागितला. शेतात कडब्याची खोप करून पांडव पुजायचे, भज्जी-आंबील खायची, याचा पुरावा कोणते कार्यालय देणार? मी पंचांगाचे पान भाषांतरासह पाठवले, त्यावर नकार आला, तोही अत्यंत सभ्य शब्दांत.

एकटेपणाचेही तुम्ही विचारले आहे. तो असतो, आणि कामात मन गुंतले की कमी होतो.

त्यापेक्षा अवघड गोष्ट अशी की गावी काढलेली रजा विश्रांतीची नसते. दवाखाने, बँक, सातबाऱ्यावरची वारसनोंद, राहिलेल्या भेटी आणि ज्यांच्याकडे जाणे झाले नाही त्यांची नाराजी, यांत ती संपते. गेल्या उन्हाळ्यात आम्ही इटलीच्या समुद्रकिनारी गेलो, आईला कामाचे कारण सांगितले, आणि मला तिथे गाढ झोप लागली, याचे काय करावे ते अजून कळलेले नाही.

दोनदा येणे रजेत बसते, खिशात बसेलच असे नाही. तुमची मुलगी चार वर्षांची आहे आणि सक्तीची शाळा साधारण सहाव्या वर्षी सुरू होते, तेव्हा येळवशीला यायचे असेल तर तोवर या. रुजू झाल्याबरोबर त्या दिवसांची रजा मागून ठेवा, कारण डिसेंबरअखेरची रजा सगळ्यांनाच हवी असते.