डॉक्टर, नर्स औषधांच्या रिॲक्शनची नोंद का करतात?

तुमचा प्रश्न असा : फॉर्म भरायची सक्ती नाही, भरून पैसे मिळत नाहीत, मग हे लोक औषधाची रिॲक्शन कळवतात तरी कशाला?

मी एका मेडिकल कॉलेजच्या औषधशास्त्र विभागात आहे, हे फॉर्म गोळा करणं माझ्याच कामात येतं. खरं सांगायचं तर बहुतेक जण कळवतच नाहीत. २००६ साली १२ देशांमधल्या ३७ अभ्यासांचा आढावा निघाला होता. त्यात न कळवलेल्या रिॲक्शनचं मध्यक प्रमाण ९४ टक्के होतं. म्हणजे तुम्ही विचारताय ते उरलेल्या थोड्यांबद्दल.

ते का कळवतात? कर्तव्य वगैरे सगळेच म्हणतात, पण माझ्या पाहण्यात खरं कारण धक्का असतं. फिट्ससाठी कार्बामाझेपिन सुरू केलेल्या पेशंटची कातडी भाजल्यासारखी सोलून निघते, तोंडात फोड येतात, तेव्हा वॉर्डातली सिस्टर स्वतःहून फोन करते. साध्या उलट्या-जुलाबांसाठी कुणी करत नाही. दुसरं, औषध बाजारात नवीन असेल तर डॉक्टरांचा हात पेनाकडे लवकर जातो. आणि तिसरं, ज्याबद्दल फारसं बोललं जात नाही : विभागातलं कुणीतरी राउंडला येऊन विचारतं, फॉर्म हातात देतं, नंतर काय झालं तेही कळवतं. हे जिथे होतं तिथे फॉर्म येतात. पोस्टर लावून येत नाहीत.

न कळवणाऱ्यांचं ठरलेलं उत्तर म्हणजे 'याच औषधाने झालं याची खात्री नाही'. पण खात्री मागितलेलीच नाही, फॉर्मवरच 'संशयित' लिहिलेलं असतं. १९६१ मध्ये सिडनीच्या डॉ. विल्यम मॅकब्राइड यांनी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाला थॅलिडोमाइडबद्दल (गरोदरपणात घेतल्याने बाळांत व्यंग आणणारं औषध) जे पत्र पाठवलं ते जेमतेम काही ओळींचं होतं, आणि त्यात इतरांनी असं काही पाहिलंय का, असा प्रश्न होता. आपल्याकडे २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये मेफेनॅमिक ॲसिडबद्दल सावधगिरीची सूचना निघाली. पाळीच्या दुखण्यावर सर्रास घेतली जाणारी ही गोळी. क्वचित तिच्यामुळे ताप, पुरळ आणि आतल्या अवयवांना इजा होणारी 'ड्रेस' नावाची रिॲक्शन येते. गाझियाबादच्या भारतीय औषधसंहिता आयोगाकडे आलेले असे सुटे फॉर्म तपासूनच ती निघाली.

कोर्टकचेरीची भीतीही असते, विशेषतः खासगी दवाखान्यांत. फॉर्म भरणं म्हणजे चूक कबूल करणं नव्हे, आणि पेशंटचं पूर्ण नावही लागत नाही, आद्याक्षरं पुरतात. तरी ती भीती पटकन जात नाही.

जाता जाता, पेशंटलाही हे कळवता येतं, मराठी फॉर्म आहे. टोल-फ्री नंबर १८००-१८०-३०२४. फोन करताना गोळ्यांची स्ट्रिप जवळ ठेवा, बॅच नंबर विचारतात.