'क्षितिज' हा शब्द कुठून आला? तो इंग्रजी 'होरायझन'चं भाषांतर आहे का?

नाही, दोन्ही शब्दांची मुळं वेगळी आहेत.

'होरायझन' ग्रीकमधून आला. तिथे 'होरोस' म्हणजे सीमा, शीव. त्यावरून 'होरिझोन', म्हणजे हद्द आखणारं (वर्तुळ).

आपला शब्द संस्कृत: क्षिति म्हणजे जमीन, ज म्हणजे जन्मलेलं. जमिनीतून उगवलेलं ते क्षितिज! म्हणूनच संस्कृतात झाडाला, गांडुळाला आणि भूमिपुत्र मानलेल्या मंगळालाही क्षितिज म्हणतात. ग्रीक शब्द नजरेला अडवतो, आपला मातीतून वर येतो. मला आपलाच जास्त आवडतो. परभणीकडच्या सपाट काळ्या रानात ज्वारीच्या धांड्यांमागून सूर्य वर येताना पाहिला की तो शब्द आपोआप पटतो. अशा रानात उभ्या माणसाला क्षितिज साधारण 4.5 किलोमीटरवर असतं. माळवदावर चढा, ते आणखी लांब जातं.

मराठवाड्यात उर्दूही कानावर असते. तिच्यात 'उफ़ुक़', मूळ अरबी, अनेकवचन 'आफ़ाक़'. जपानीत तर जमिनीचं क्षितिज वेगळं, समुद्राचं वेगळं: 'चिहेइसेन' आणि 'सुइहेइसेन'.