वाचकांचे प्रश्न : हृदयाची झडप बदलल्यानंतर

या विषयावर आलेल्या बहुतेक पत्रांत टाके आणि दुखणं यांचीच काळजी आहे. ती रास्त आहे, पण टाके भरून येतात. नव्या झडपेला रक्ताची गुठळी आणि जंतुसंसर्ग यांपासून मात्र कायम जपावं लागतं. म्हणून त्या प्रश्नांना इथे जास्त जागा दिली आहे.

प्रश्न : यजमानांची मायट्रल झडप (हृदयाच्या डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधली) बदलून तीन आठवडे झाले. कूस बदलताना छातीत ‘कट्’ असा आवाज येतो. चालणं किती वाढवावं? ओझं कधी उचलावं?

शस्त्रक्रियेत छातीचं मधलं हाड कापून नंतर स्टीलच्या तारांनी बांधतात. या तारा सहसा कायम आत राहतात. हाड सांधायला सहा ते आठ आठवडे लागतात, पुरेशी ताकद यायला साधारण बारा. आवाज कधीतरीच येत असेल आणि दुखत नसेल, तरी येत्या एक-दोन दिवसांत सर्जनना सांगा. खोकताना हाड हलल्यासारखं हाताला लागलं, जखमेतून पाणी किंवा पू आला, लाली वाढत गेली, तर मात्र त्याच दिवशी दाखवा. मधुमेह, धूम्रपान आणि सततचा खोकला असलेल्यांमध्ये हाड सैल राहण्याचा धोका अधिक असतो.

अंथरुणातून उठताना हातांवर जोर देऊन सरळ उठू नये. आधी कुशीवर वळावं, पाय खाली सोडावेत आणि त्या वजनाबरोबर उठावं. खोकताना छातीशी उशी घट्ट धरावी. पहिले सहा ते आठ आठवडे चार-पाच किलोपेक्षा जास्त उचलू नये, ढकलू किंवा ओढू नये. वाहन साधारण सहा आठवड्यांनी, तेही डॉक्टरांनी होकार दिल्यावर चालवावं.

चालणं सपाट जागी, पाच-पाच मिनिटं, दिवसातून तीन वेळा सुरू करावं आणि रोज एक-दोन मिनिटं वाढवावं. चालता चालता पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. बोलताना धाप लागली तर वेग जास्त आहे. रोज सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, काही खाण्याआधी वजन करून लिहून ठेवावं. एका दिवसात एक-दीड किलो किंवा आठवड्यात दोन किलो वाढलं, तर ते अंगावर आलेलं मांस नव्हे, साठलेलं पाणी असतं. लगेच कळवा.

प्रश्न : माझी मायट्रल झडप यांत्रिक आहे. वॉरफरिनचा (गुठळी होऊ न देणाऱ्या गोळीचा) डोस तोच, तरी आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारा आकडा) एकदा १.८, तर पुढच्या वेळी ४.१. पालेभाज्या बंद करू का?

बंद करू नका. पालेभाज्यांतल्या व्हिटॅमिन केमुळे गोळीचा परिणाम कमी होतो हे खरं, पण अडचण प्रमाण बदलण्याची आहे. आठवडाभर काही नाही आणि मग दोन दिवस भरपूर, असं झालं की आकडा हलतो. दर आठवड्याला साधारण सारख्याच खा. डोस त्या आहारावर बसवता येतो.

मायट्रल जागेवरच्या यांत्रिक झडपेसाठी आयएनआर सहसा २.५ ते ३.५ ठेवतात, महाधमनीच्या जागेवर बहुतेकदा २ ते ३. म्हणजे तुमच्यासाठी १.८ हा आकडाही तितकाच गंभीर आहे. तो गुठळीचा धोका सांगतो. पुष्कळ जण ४.१ ला घाबरतात आणि १.८ वर निश्चिंत राहतात, हे चूक आहे. डोस बदलल्याचा परिणाम दोन-तीन दिवसांनी दिसू लागतो, त्यामुळे आपल्या मनाने रोज कमी-जास्त करू नका.

आधी गोळीवरचे मिलिग्रॅम तपासा. वेगळ्या ताकदीच्या गोळ्यांची अदलाबदल हे नेहमी आढळणारं कारण आहे. मग औषधं आठवा : मेट्रोनिडाझोल, फ्लुकोनाझोल, कोट्रायमोक्साझोल, अमिओडॅरोन आकडा वाढवतात, रिफॅम्पिसिन, कार्बामाझेपिन खाली आणतात. जुलाब, भूक मंदावणं, मद्य, जडीबुटीची औषधं यांनीही फरक पडतो. नवं औषध सुरू किंवा बंद झालं, तर चार-पाच दिवसांत आयएनआर पाहा. दुखण्यावर आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक टाळा. पॅरासिटामॉल चालतं, मात्र रोज मोठ्या डोसात घेतल्यास तेही आकडा वाढवतं. गोळी विसरलात तर त्याच दिवशी आठवताच घ्या. दुसऱ्या दिवशी दुप्पट नको.

काळी शौच, डोक्याला लागलेला मार (त्रास नसला तरी), अचानक तोंड वाकडं होणं, बोबडी वळणं, यांत्रिक झडपेची नेहमीची टिकटिक दबून धाप लागणं : यांपैकी काहीही झालं तर थेट रुग्णालय गाठा.

प्रश्न : वॉरफरिनऐवजी रक्ततपासणी न लागणाऱ्या नव्या गोळ्या घेता येतील का?

यांत्रिक झडपेवर नाही. डाबिगाट्रान या अशाच एका गोळीची यांत्रिक झडपेच्या रुग्णांवरची चाचणी गुठळ्या आणि रक्तस्राव दोन्ही वाढल्याने थांबवावी लागली. निष्कर्ष २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले.

प्रश्न : शस्त्रक्रियेला चार महिने झाले. तीन दिवस संध्याकाळी १००.८ ताप येतो. घरातलं अँटिबायोटिक सुरू करू का?

कृपा करून नको. झडपेला जंतुसंसर्ग झाला असेल, तर नेमका जंतू रक्ताच्या कल्चरमध्ये (रक्तातले जंतू वाढवून पाहण्याच्या तपासणीत) सापडतो. आधीच दोन-चार गोळ्या पोटात गेल्या की कल्चर कोरं येतं, आणि आठवडेच्या आठवडे चालणारे उपचार अंदाजाने करावे लागतात. आजच रुग्णालयात जा, झडप बदलल्याचं सुरुवातीलाच सांगा आणि पहिल्या डोसाआधी वेगवेगळ्या ठिकाणांहून कल्चरचे नमुने घ्यायला लावा.

अशा संसर्गाला वाट पुष्कळदा हिरड्यांतून मिळते. दिवसातून दोनदा दात घासा आणि नियमितपणे दंतवैद्याकडे जा. दात काढणं किंवा हिरड्यांखालची सफाई असेल, तर अर्धा ते एक तास आधी अमॉक्सिसिलिन २ ग्रॅम (प्रौढांसाठी) एकदाच घेतात. पेनिसिलिनची ॲलर्जी असल्यास दंतवैद्य दुसरं औषध देतील. त्यासाठी वॉरफरिन परस्पर बंद करू नका.

प्रश्न : मुलगी एकोणीस वर्षांची आहे. संधिवाताच्या तापाने झडप गेली होती, आता नवी बसवली. तरी पेनिसिलिनचं इंजेक्शन चालूच ठेवायचं?

हो. नव्या झडपेमुळे तो ताप पुन्हा येण्याचं टळत नाही, आणि आला तर उरलेल्या झडपांना इजा होते. हे इंजेक्शन तीन-चार आठवड्यांनी, साधारण वयाच्या चाळिशीपर्यंत देतात, कधी त्याहून पुढेही. वॉरफरिन चालू असेल, तर इंजेक्शनआधी आयएनआर मर्यादेत आहे ना ते पाहा आणि नंतर ती जागा काही मिनिटं दाबून धरा, म्हणजे स्नायूत रक्त साकळणार नाही. दाताच्या कामाआधीचा डोस वेगळा आहे, या इंजेक्शनने त्याची भरपाई होत नाही. त्या वेळी तिला बहुधा दुसऱ्या गटाचं औषध देतील. पुढे गर्भधारणेचा विचार होईल तेव्हा आधीच हृदयतज्ज्ञांना भेटा, कारण सहाव्या ते बाराव्या आठवड्यात वॉरफरिनमुळे गर्भात व्यंग येऊ शकतं.